पुढचा ओटा, मागची भिंत

आईचा उजवा हात मोडला तो ओढ्यात. पहाटे अंधारात ती शौचाला गेली होती. शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकला आणि ती हातावर पडली. मला दादाच्या पत्रातून कळलं ते एवढंच, की आईला थोडं लागलं आहे, काळजी नसावी. मी तेव्हा पिंपरीला औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरण्याच्या खात्यात होते. सुट्टी मिळवून गावी पोचले तोवर हात वाकडाच जुळून आला होता. गावातल्या वैदूनं कामट्या बांधून तो बसवला होता, म्हणजे बसवला नव्हता. मनगट विळ्यासारखं आत वळलं होतं.

"अंगणात पडले गं," आई म्हणाली. दादा समोर बसला होता.

खरं काय ते वहिनीनं सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. "वड्याला पडल्या. मीच उचलून आनलं. कुनाला सांगू नगं म्हनल्या."

पडली याची लाज आईला वाटत होती. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. आमच्या गावच्या बायका उजाडायच्या आत ओढ्याला जायच्या, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधला सगळा दिवस कळ काढायची. त्यासाठी पाणीसुद्धा बेतानं प्यायचं. पुरुष मात्र सकाळी ऊन अंगावर घेत, बिडी ओढत, हातात टमरेल हलवत जायचे. मीही लग्नापर्यंत तशीच अंधारात जात होते आणि सासरीही. नवरा तापानं गेला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, तेव्हाही तोच ओढा होता. कारखान्यात लागले त्या पहिल्या दिवशी बायकांच्या संडासात गेले आणि काम झाल्यावरही उगाच आत उभी राहिले. पांढऱ्या फरशा होत्या, आणि दाराला आतून कडी होती. भर दुपारी, मनाला येईल तेव्हा, कुणी खोकून सूचना न देता, बाईमाणूस आत जाऊन कडी लावू शकतं, हे मला माहीतच नव्हतं.

म्हणून त्या भेटीत मी दादाला म्हटलं, "घराचं काम काढू या."

काम तसंही निघालं होतं. घर वडिलांच्या हातचं, दगडमातीचं. आदल्या पावसाळ्यात मागची भिंत बसली होती आणि तिथे गोणपाट लावलेलं होतं. मी दादाला सांगितलं, की ती भिंत उभी कर, तिला लागून न्हाणी कर, आणि न्हाणीच्या पलीकडे खड्ड्याचा संडास. वर पत्रा टाक, म्हणजे आईला भिंतीला धरून, पावसात न भिजता जाता येईल. खर्च माझा, देखरेख तुझी.

दादा लगेच म्हणाला, "तू कशाला काळजी करतीस? मी हाय न्हवं."

वडील गेल्यापासून शेती त्याच्याकडे होती, घर त्याच्याकडे होतं, आई त्याच्याकडे होती. त्याबद्दल मी कधी शब्द काढला नाही. पण "मी हाय न्हवं" हे तीन शब्द आमच्या घरात बायकांनी किती वेळा ऐकले असतील याला गणती नाही, आणि ते ऐकल्यावर पुढे कधी काही झालेलं मला आठवत नाही.

गाव मंचरच्या पुढे, फाट्यावर उतरून दोन कोस आत. आज ते अंतर कुणी अंतर म्हणणार नाही. पण तेव्हा आठवड्याला एक सुट्टी. त्या दिवशी चिंचवडच्या खोलीतून निघायचं, कासारवाडीपर्यंत चालत जायचं, नाशिककडे जाणारी एसटी थांबली तर थांबली. भोसरी, मोशी, चाकण, खेड करत फाट्यावर पोचेतो दुपार व्हायची. तिथून पायी घरी, आईच्या हातात हात देऊन होतो न होतो तोच परतीची गाडी. दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आत टोपी घालून जागेवर उभं राहायचं. उशीर झाला तर फाटकातून परत. त्यामुळे गवंडी कामाला आला की नाही, पाया किती खोल गेला, हे मी डोळ्यांनी बघू शकत नव्हते. दर पगाराला पैसे तेवढे पाठवत होते. दादा कांद्याची गाडी घेऊन चिंचवडला बाजाराला यायचा, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून जे बोलणं होईल तेवढ्यावर माझं घर उभं राहत होतं.

"भिंत कुठपर्यंत आली?"

"चालू हाय."

"खड्डा खणला का?"

"गवंडी म्हंतो खाली खडक लागतोय. बघू."

"दादा, खडक लागला तर जागा दोन हात सरकवायला सांग."

"तू बाटल्या भर. त्यातलं तुला काय कळतंय?"

एवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा व्हायची. मी आत जायची आणि पुढचा सगळा वेळ पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांकडे बघत, जे बोलायचं राहिलं ते मनात बोलायची. माझ्या शेजारी एक सिंधी बाई उभी असायची, पिंपरी कॅम्पात राहणारी. तिचं स्वतःचं दुमजली घर फाळणीत पलीकडे राहिलं होतं. ती एकदा म्हणाली, "घर तुझा, तर तू जाके देख ना." मी म्हटलं, कधी जाऊ? साथीच्या तापाचं वर्ष होतं, औषधाला मागणी होती, आणि आम्हाला ओव्हरटाइमला नाही म्हणायची सोय नव्हती.

संडासाचं भांडं मात्र मी स्वतः आणलं. ते दादावर सोपवलं तर येणार नाही हे मला कळत होतं. सुट्टीच्या दिवशी पुण्याला बोहरी आळीत गेले, चिनी मातीचं पांढरं भांडं घेतलं, पोत्यात गुंडाळून एसटीत मांडीवर धरून बसले. कंडक्टर आला.

"बाई, पोत्यात काय आहे?"

"चिनी मातीचं भांडं."

"लोणच्याची बरणी असेल तर टपावर टाका."

"बरणी नाही. संडासाचं भांडं आहे. टपावर फुटेल."

मागे कुणीतरी हसलं. माझ्या शेजारी बसलेले फेटेवाले आजोबा उठले, धोतर सावरून दोन बाकं पुढे जाऊन उभे राहिले आणि चाकणपर्यंत उभेच होते. नवं कोरं भांडं, दुकानाचा कागदही अजून त्याच्यावर होता. कंडक्टर म्हणाला, "असलं घेऊन गाडीत बसायचं नसतं." मी विचारलं, "कुठल्या नियमात आहे?" त्यानं त्या भांड्याचं वेगळं तिकीट फाडलं. मी मांडीवर ते तसंच घट्ट धरून बसले. पायांना मुंग्या आल्या, पण मी ते खाली ठेवलं नाही.

दादा फाट्यावर बैलगाडी घेऊन आला होता. बोहरी आळीत वेळ गेल्यानं दिवस कलला होता, आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर दुसऱ्या दिवशी भोंगा चुकणार होता. भांडं गाडीत कडब्यावर नीट ठेवलं, दोरीनं बांधलं आणि उलट्या दिशेची गाडी धरली. घराकडे नजरसुद्धा टाकता आली नाही. त्यानंतर कित्येक महिने गावी जाणं झालं नाही. फाटकाशी भेट झाली की "चालू हाय" एवढंच.

दिवाळी होऊन गेल्यावर मला दोन दिवस सलग मिळाले. फाट्यावरून चालत गेले. गावात शिरले आणि आमच्या घरासमोर येऊन थबकले, कारण ते आमचं घर वाटेना.

पुढे घडीव काळ्या दगडाचा उंच ओटा झाला होता. त्याला तीन बाजूंनी पायऱ्या. जुनी चौकट काढून नवी सागवानी बसवली होती, वेलबुट्टी कोरलेली, निळ्या तेलरंगात रंगवलेली. चौकटीच्या माथ्यावर दादाचं नाव कोरलं होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ओट्यावर सतरंजी टाकून गावचे सात-आठ पुरुष बसले होते. वहिनी डोक्यावरचा पदर ओढून दारातून चहाच्या कपबश्या पुढे सरकवत होती.

"ये, ये," दादा बसल्या जागेवरून म्हणाला. मग मंडळींना म्हणाला, "धाकटी भन. पिंपरीला कारखान्यात असती." आणि मला, "बघ घर कसं दिसतंय."

मी चप्पलही न काढता घरातून सरळ मागे गेले.

मागची भिंत नव्हती. तेच गोणपाट, फक्त आणखी फाटलेलं. न्हाणी नव्हती. खड्डा नव्हता. खडक लागायला मुळात कुणी कुदळच मारली नव्हती. परसात गवत माजलं होतं. गोठ्यात गेले तर माझं भांडं तिथे होतं. त्याच्या भोकात चिंध्यांचा बोळा कोंबला होता, आत भिजवलेली पेंड होती, आणि म्हशीचं रेडकू त्यात तोंड घालून खात होतं.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. डाव्या हातानं पदर सावरत म्हणाली, "रागावू नगंस. त्याला मानसं बसायला जागा पायजे. पंचायतीला हुभा ऱ्हातोय."

"आणि तू?"

"माझं काय? जाते की वड्याला. आता काठी घेते."

मी पुढे गेले. पुरुष बसले होते, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मी त्या घरची विधवा मुलगी. पुरुषांच्या बैठकीसमोर अशी कधी उभी राहिले नव्हते.

"दादा, संडास कुठे आहे?"

कुणीतरी खाकरलं. दादाचा चेहरा लाल झाला. "आत जा. मग बोलू."

"मी उद्या परत चालले. आत्ताच बोल. मी आईच्या संडासासाठी पैसे पाठवले होते. हा ओटा कुणाला हवा होता?"

"गावात कुनाच्या घरी संडास हाय?" तो म्हणाला. आता तो माझ्याशी नाही, मंडळींशी बोलत होता. "घराच्या मागं घान करून ठिवू? जिथं चूल, तिथं त्ये? मुंबई-पुण्याची थेरं हितं न्हाई चालायची."

एक म्हातारे सावकाश म्हणाले, "पोरी, घर पुरुषाचं असतंय. त्याची शोभा ती तुझीच शोभा."

बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांच्यातल्या प्रत्येकाची आई, बायको, सून रोज त्याच ओढ्याला जात होती. मी त्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघत राहिले. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. चहा बरा झाला आहे, एवढंच होतं.

रात्री मी जेवले नाही. सकाळी निघताना आईनं भाकरी बांधून दिली. ती मी घेतली, कारण आईनं ती वाकड्या हातानं थापली होती.

पिंपरीला आल्यावर खात्याच्या साहेबांकडे आठ दिवसांची बिनपगारी रजा मागितली. कारण विचारलं. घराचं बांधकाम आहे, म्हटलं.

"मग घरात पुरुष नाहीत का?"

"आहेत. म्हणूनच रजा पाहिजे."

साहेबांनी सही केली. त्यांना काय समजलं कोण जाणे.

तेव्हा कारखान्याशेजारी नव्या शेडचं काम चाललं होतं आणि तिथे एक वडार जोडपं खडी फोडायला होतं. त्यांचं पाल माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवरच होतं. मी बाईला जाऊन विचारलं, खड्डा खणून दगडानं बांधून द्याल का? ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "द्यू की. ऱ्हायला जागा अन् खायला भाकर पायजे." दोघं पहारी, दगड फोडायची सुतकी घेऊन माझ्याबरोबर एसटीत चढली. या वेळी मला कुणी काही विचारलं नाही. बहुतेक माझ्या तोंडाकडे बघूनच कंडक्टर गप्प बसला असावा.

दादानं त्यांना घरात पाऊल टाकू दिलं नाही. त्यांनी परसात बाभळीखाली पाल ठोकलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच खणायला लागली. खडक लागला नाही. मऊ मुरूम होता, पोटापर्यंत खोल खड्डा दुपारपर्यंत झाला. आई चुलीपाशी बसून तोंडानं पुटपुटत होती, की घरात अवदसा आली. ती मला म्हणत होती.

खड्डा ढासळू नये म्हणून आतून दगड लावायचे होते. मागच्या भिंतीलाही दगड लागणार होते. गावाच्या खाणीवर निरोप धाडला तर खाणवाल्यानं सांगितलं, दगड नाहीत. खाणीवर दगड नाहीत. मी स्वतः गेले. समोर ढीग पडला होता. तो माझ्या नजरेला नजर देईना. "तुमच्या दादानी न्हाई म्हनून सांगितलंय, ताई. मला गावात ऱ्हायाचंय."

रजेचे दिवस जात होते. दादाला ते ठाऊक होतं. त्याला काही करायचंच नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं, भोंगा मला आपोआप परत बोलावणार होता. घरापाशी आले तर तो ओट्यावर दोघा-तिघांबरोबर पान लावत बसला होता. मला बघून त्यानं चुन्याची डबी बंद केली आणि शांतपणे विचारलं, "मिळालं का दगड?"

मी परसात गेले, वडाराची पहार उचलली आणि पुढे आले. ओट्याच्या एका टोकाच्या पायरीवर कुणी बसलेलं नव्हतं. तिच्या सांध्यात पहार घातली आणि अंगातलं सगळं बळ लावून दाबलं. पहिल्यांदा काही झालं नाही. पान लावणारे बघत राहिले. दुसऱ्यांदा चुना सुटला आणि दगड हलला.

"अगं ए," दादा उठला. "डोकं फिरलं का तुझं?"

"हे दगड माझे आहेत."

"घर बापाचं हाय."

"घर बापाचं आहे. हा ओटा नाही. तो मी बाटल्या भरून उभा केलाय. मागे न्यायचा की पुढे ठेवायचा, मी ठरवणार."

तो माझ्या अंगावर आला. हात उगारलेला मी पाहिला. त्याच्या मागे लोक बसले होते, गल्लीतली दारं उघडली होती. विधवा बहिणीवर भर रस्त्यात हात टाकला तर मतं जातील, हे त्याच्या डोक्यात आलं असावं. हात खाली आला. मी पुन्हा पहार घातली. वडारीण कधी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिनं पहार हळूच काढून घेतली. "ताई, तुमी सरा. असं न्हाई निघत." नवराबायकोनं तो दगड सहज उपटला.

दगड रस्त्यावर पडला होता. तो मागे न्यायचा कसा हा विचार करत असतानाच घरातून वहिनी आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. आमच्या घरच्या लग्नातसुद्धा मी तिला पुरुषांसमोर तशी पाहिली नव्हती. तिच्या हातात पाटी होती. तिनं ती खाली ठेवली, फुटके दगड तिच्यात भरले, वडारणीला म्हणाली, "उचलू लाग." पाटी डोक्यावर घेऊन ती दादाच्या समोरून, नव्या चौकटीतून आत गेली. मोकळी पाटी घेऊन परत आली. पुन्हा भरली.

दादा तिला एवढंच म्हणाला, "तू बी?"

तिनं पुढची पाटी भरायला घेतली. तो पायात वहाणा सरकवून मळ्याकडे निघून गेला आणि काम पुरं होईतो रात्रीचा फक्त जेवायला येत राहिला.

ओट्याची एक बाजू पूर्ण गेली. त्या दगडांत खड्डा बांधून झाला, मागची भिंत छातीएवढी आली, वर विटा लावल्या. गोठ्यातलं भांडं वहिनीनं उचललं, बोळा काढून फेकला आणि राखेनं इतकं घासलं की ते दुकानात होतं तसं झालं. भिंतीला लागून पत्रा टाकला, पत्र्याचंच दार लावलं. मी निघाले तेव्हा ओल वाळायची होती.

आई पुष्कळ दिवस तिथे गेली नाही. वहिनी पहिल्या दिवसापासून जायची. आई म्हणायची, घराला विटाळ झाला. पुढच्या पावसात ओढ्याला पूर आला आणि चार दिवस कुणालाच तिकडे जाता येईना, तेव्हा ती भिंतीला धरून गेली. वहिनीनं मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. नंतर तिन्हीसांजेला शेजारच्या दोघीतिघी "जरा ताक द्या" म्हणत मागच्या दारानं यायला लागल्या. ताक कुणाला नको असायचं.

दादा पंचायतीवर निवडून आला. सभेत त्यानं सांगितलं म्हणे, की गावात पहिला संडास आपण बांधला, आधी केले मग सांगितले. टाळ्या पडल्या. मोडक्या ओट्याबद्दल कुणी विचारलं तर तो म्हणायचा, गाडी वळवायला जागा हवी होती. माझं त्याचं बोलणं चार वर्षं बंद होतं. वहिनीच्या मुलीच्या लग्नात ते सुरू झालं, तेही ताटं वाढताना, मिठावरून.

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. मी गावी गेले की पाहुण्या बायका जमायच्या. कुणी मागच्या बाजूचं कौतुक केलं, की आई वाकड्या हातानं पदर डोक्यावर घेऊन म्हणायची, "माझ्या ल्येकानं बांधून दिलं बाई. लई जीव हाय त्याचा माझ्यावर."

पहिल्या वेळी मी मध्ये बोलले. "आई, मी बांधलं."

ती पाहुण्यांकडे बघत म्हणाली, "व्हय, हिनं बी पैसं धाडलं हुतं थोडं."

वहिनी चुलीपाशी होती. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी उलथली. पुढे मी काही बोलायचं सोडून दिलं. आईला ते तसंच म्हणायचं होतं, आणि ती मरेपर्यंत तेच म्हणत राहिली. मला मात्र दर वेळी राग यायचा, पहिल्या वेळेइतकाच, आणि आज हे लिहिताना सुद्धा येतो आहे.